कृत्रिम कोपराची रचना आणि स्थैर्याचा प्रश्न : औंध संस्थानातील व्यायामपरंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कृत्रिम सांध्यांच्या इतिहासात खुबा आणि गुडघा यांना जे स्थान मिळाले, ते कोपराला कधीच मिळाले नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास धातूचा गोल आणि पॉलिएथिलीनची वाटी यांचा मेळ घालून खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला आणि त्यानंतरच्या दशकात या शस्त्रक्रियेचा जगभर प्रसार झाला. गुडघ्याची वाटचाल त्याच धर्तीवर झाली. कोपराबाबत मात्र पहिली पंधरा-वीस वर्षे अपयशाचीच ठरली. या अपयशाची जी कारणे सांगितली जातात, त्यांत एक गृहीतक वारंवार दिसते. खुबा आणि गुडघा हे शरीराचा भार वाहणारे सांधे, तर कोपर हा भार न वाहणारा सांधा, असे ते गृहीतक आहे.

हे गृहीतक कोणाच्या शरीरावरून बांधले गेले, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे. खुर्चीवर बसणाऱ्या, टेबलावर जेवणाऱ्या आणि पलंगावरून उठणाऱ्या माणसाचा कोपर क्वचितच भार वाहतो, हे खरे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा परिसरातील एका लहानशा संस्थानात शाळकरी मुलामुलींपासून राजापर्यंत अनेक माणसे रोज सकाळी दोन्ही तळहात जमिनीवर टेकवून शरीराचा मोठा भार कोपरांवर घेत होती. त्यांच्या या व्यायामाची तपशीलवार नोंदही त्या काळी पुस्तकरूपाने झाली. औंधची ती नोंद आणि कृत्रिम कोपराचा अभियांत्रिकी इतिहास हे दोन विषय एरवी एकमेकांजवळ येत नाहीत. प्रस्तुत लेखात ते शेजारी ठेवून पाहिले आहेत.

औंध : डंबेल्सपासून नमस्कारापर्यंत

येथे अभिप्रेत असलेले औंध म्हणजे पुण्याचे उपनगर नव्हे, तर सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील यमाईच्या डोंगराखालचे गाव होय. पंतप्रतिनिधींच्या या संस्थानात सुमारे बहात्तर गावे होती आणि ती सलग नव्हती. आटपाडी व कुंडल हे त्याचे भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतात. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार, ग्रंथसंग्राहक आणि प्रजेला १९३९ मध्ये स्वराज्याची घटना देणारे राजे म्हणून परिचित आहेत. सूर्यनमस्काराचे प्रचारक ही त्यांची ओळख त्या काळी याहूनही व्यापक होती.

भवानरावांच्या व्यायामाची सुरुवात सूर्यनमस्काराने झाली नाही, ही बाब येथे महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात गाजलेल्या युजेन सँडो या मल्लाची पुस्तके व साधने त्यांनी मिळवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या सल्ल्यावरून ते नियमित सूर्यनमस्काराकडे वळले. नमस्कार हा प्रकार त्यांनी शोधून काढलेला नाही. उपासनेचा आणि तालमीचा भाग म्हणून तो महाराष्ट्रात आधीपासूनच रूढ होता. भवानरावांनी त्याला दहा स्थितींच्या क्रमात बांधले, संस्थानातील शाळांत तो लागू केला आणि त्यावर मराठी व इंग्रजीत लिहिले. १९३६ मधील त्यांच्या इंग्लंडभेटीनंतर लुईस मॉर्गन या पत्रकार महिलेने संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ पासून औंधमध्येच वास्तव्यास होते आणि त्यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदवाङ्मयाबरोबर आसने व व्यायाम या विषयांवरही पुस्तके काढली. त्यामुळे शरीरविषयक विचाराचे हे गाव काही काळ एक केंद्रच बनले होते.

सँडोची पद्धत आणि नमस्कार यांतील फरक धार्मिक वा राष्ट्रीय भावनेच्या अंगाने अनेकदा मांडला गेला आहे. त्यामागे एक यांत्रिक फरकही आहे आणि तो सहसा दुर्लक्षित राहतो. डंबेलच्या व्यायामात खांदा व धड स्थिर असते आणि हाताचा शेवट, म्हणजे मूठ, हवेत मोकळी फिरते. नमस्कारात याच्या नेमके उलट घडते. दुसऱ्या स्थितीत तळहात जमिनीला टेकतात आणि नवव्या स्थितीपर्यंत ते जागचे हलत नाहीत. हात खिळलेला असतो, शरीर त्याच्याभोवती फिरते. आर्थर स्टाइंडलर यांनी १९५५ मध्ये शरीराच्या हालचालींचे विवेचन करताना मोकळी गतिसाखळी आणि बंद गतिसाखळी असा जो भेद केला, तो हाच. औंधच्या राजाने डंबेल खाली ठेवले आणि तळहात जमिनीवर टेकले, तेव्हा त्याच्या कोपराचे काम मुळातून बदलले.

दहापैकी आठ स्थितींत हात जमिनीवर असतात. साष्टांग स्थितीत उतरताना कोपर भाराखाली दुमडतो आणि तेथून छाती वर उचलताना भाराखालीच सरळ होतो. शंभर नमस्कार घालणाऱ्याचा कोपर अशा रीतीने रोज दोनशे वेळा भाराखाली हलतो. नमस्काराने बहुतेक सर्व विकार दूर होतात, असे जे दावे त्या प्रचारसाहित्यात आढळतात ते आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. पण कोपर हा भार वाहणारा सांधा असू शकतो, याचा पुरावा म्हणून तेच साहित्य विश्वसनीय आहे.

नैसर्गिक कोपर स्थिर कसा राहतो

वरवर पाहता कोपर ही दाराची बिजागरी वाटते. प्रत्यक्षात एकाच आवरणात तीन सांधे आहेत. दंडाचे हाड म्हणजे ह्यूमरस आणि हाताच्या पुढच्या भागातील अल्ना व रेडियस ही दोन हाडे तेथे एकत्र येतात. अल्नाची खाच ह्यूमरसच्या कप्पीसारख्या भागाला कवटाळते, रेडियसचे गोल डोके त्याच्या शेजारच्या उंचवट्यावर टेकते आणि ही दोन हाडे एकमेकांभोवती फिरून तळहात पालथा-उताणा करतात. हात वाकताना अल्ना किंचित आपल्या अक्षाभोवती वळते आणि हाताचा बाहेरच्या बाजूस असलेला नैसर्गिक कोनही बदलत जातो. त्यामुळे कोपर ही शुद्ध बिजागरी ठरत नाही.

स्थैर्य तीन गोष्टींतून येते : हाडांचा परस्परांत बसणारा आकार, आतील व बाहेरील बाजूंचे अस्थिबंध आणि सांध्यावरून जाणारे स्नायू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये बर्नार्ड मोरी व काई-नान अ‍ॅन यांनी १९८३ मध्ये या वाटणीचे मोजमाप केले. हात सरळ असताना बाहेरच्या दिशेने पडणारा ताण हाडे, आवरण आणि आतील अस्थिबंध साधारण सारख्या प्रमाणात पेलतात. काटकोनात वाकल्यावर निम्म्याहून अधिक जबाबदारी एकट्या आतील अस्थिबंधावर येते, असे त्यांना आढळले. म्हणजे स्थैर्याचे ओझे कोण उचलतो हे कोपराच्या स्थितीनुसार बदलत राहते.

भाराचे गणितही लक्षात घ्यावे लागेल. काटकोनात वाकवलेल्या हातातील वजन सांध्यापासून तीस-पस्तीस सेंटिमीटर दूर असते, तर ते तोलणाऱ्या स्नायूंची पकड सांध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर. म्हणून पाच किलोच्या वजनासाठी स्नायूंना त्याच्या सात-आठ पट बल लावावे लागते आणि ते सर्व सांध्यावर दाबाच्या रूपाने उतरते. ‘भार न वाहणारा’ हे विशेषण येथेच डळमळीत होते. जमिनीवर हात टेकून केलेल्या जोरांबाबत मेयो क्लिनिकच्याच अभ्यासकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हात नेहमीच्या अंतरावर असताना प्रत्येक कोपरावर हाताच्या लांबीच्या दिशेने येणारे कमाल बल शरीराच्या वजनाच्या सरासरी ४५ टक्के आढळले. त्यात स्नायूंच्या स्वतःच्या ओढीची भर वेगळी. नमस्कारातील साष्टांग स्थितीत गुडघेही टेकत असल्याने आकडा काहीसा कमी असेल, पण बलाचा प्रकार तोच राहतो.

सरळ हातावर असा भार आला की तो कोणत्या हाडातून वर जातो? हॉल्स व ट्रॅव्हिल यांच्या १९६४ मधील मोजमापानुसार सुमारे ५७ टक्के रेडियसच्या डोक्यातून आणि ४३ टक्के अल्नातून. कृत्रिम कोपराच्या संदर्भात हा आकडा पुढे निर्णायक ठरतो.

ताठर बिजागरीचे अपयश

कोपरात धातूची बिजागरी बसवण्याचे प्रयत्न अगदी अलीकडचे नाहीत. नेदरलँड्समधील बोरेमा व द वार्ड यांनी १९४२ मध्ये तसा प्रयत्न केला होता. खरी चालना मिळाली ती खुब्यासाठी वापरात आलेल्या अस्थिसिमेंटमुळे. लंडनमधील रॉजर डी यांनी सिमेंटने बसवलेल्या धातूच्या बिजागरीचे अनुभव १९७२ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या सुमारास युरोप-अमेरिकेत अशा अनेक रचना पुढे आल्या. सुरुवातीचे परिणाम उत्साहवर्धक होते. आमवातसदृश संधिदाहाने जखडलेले, दुखणारे कोपर वेदनेशिवाय हलू लागले. पण काही वर्षांतच सिमेंट आणि हाड यांच्यामधील पकड सुटू लागली, दांडे सैल झाले आणि काही ठिकाणी हाडच मोडले.

कारण रचनेतच होते. ताठर बिजागरी फक्त एका दिशेने वळते. बाजूला झुकण्यास किंवा पिळवटण्यास तिच्यात जागा नसते. नैसर्गिक कोपरात हे बाजूचे ताण अस्थिबंध व स्नायू आपसांत वाटून घेतात. ताठर बिजागरी बसवल्यावर अस्थिबंधांना काम उरत नाही आणि प्रत्येक ताण बिजागरीतून दांड्यात, दांड्यातून सिमेंटात व शेवटी हाडात जातो. खांद्यापासून हात बाजूला उचलून भरलेली कळशी धरली, की प्रत्येक वेळी कोपराला आतल्या बाजूस वाकवणारे बल निर्माण होते. ही क्रिया दिवसातून अनेकदा घडते. अशा रीतीने सांधा निखळू नये म्हणून केलेली अतिरिक्त सुरक्षाच त्याच्या सैल होण्याचे कारण बनली.

याच तत्त्वाची उलट बाजू पुण्यात पाहता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, सैनिकांसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. कोपराच्या वरून हात गमावलेल्यांना जो कृत्रिम हात बसवला जातो, त्याचा कोपर शरीराबाहेर असतो. त्याच्याभोवती अस्थिबंध नसतात, स्नायूही नसतात. म्हणून त्याला कुलूप लागते. खांद्याच्या हालचालीने ताणलेली तार कोपर वाकवते आणि मग तो त्या कोनात अडकवावा लागतो, तेव्हाच पुढचा आकडा किंवा पंजा काम करू शकतो. जेथे जिवंत ऊती नाहीत तेथे स्थैर्य यंत्राकडून मिळवावे लागते. शरीराच्या आत बसवलेल्या सांध्यात जिवंत ऊती असताना तेच करू गेल्यास सांधा सैल होतो.

जोड नसलेले सांधे

पहिल्या पिढीच्या अपयशावर दुसरा उपाय निघाला तो बिजागरीचा खिळाच काढून टाकण्याचा. ह्यूमरसच्या टोकावर धातूचे आवरण, अल्नाच्या खाचेत पॉलिएथिलीनचा पृष्ठभाग आणि दोघांना जोडणारे काहीच नाही, अशी ही रचना होती. जपानमध्ये कुडो यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी, बोस्टनमध्ये इवाल्ड यांनी १९७४ मध्ये, तर एडिंबरोचे शल्यविशारद सूटर यांनी स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या अभियंत्यांसह १९७७ मध्ये असे सांधे वापरात आणले. हाडावरील ताण कमी झाला खरा, पण सांधे निखळू लागले. अस्थिबंध शाबूत असलेल्या रुग्णात ते चांगले चालत. ते झिजलेले किंवा फाटलेले असतील तर नाही. कुडो यांच्या पहिल्या रचनेत ह्यूमरसमध्ये शिरणारा दांडा नव्हता, त्यामुळे तो भाग हाडात वर सरकू लागला आणि पुढे दांडा जोडावा लागला.

ढिली बिजागरी

दोन्ही टोकांच्या अनुभवांतून जी तडजोड टिकली ती अर्धबंधित किंवा ढिल्या बिजागरीची. अमेरिकेतील राल्फ कूनराड यांची सत्तरच्या दशकातील बिजागरी मोरी यांनी सुधारली. १९८१ पासून वापरात आलेल्या कूनराड-मोरी सांध्यात खिळा कायम ठेवला होता, पण पॉलिएथिलीनच्या बुशांमुळे बाजूला सुमारे सात अंशांची मोकळीक ठेवली होती. ह्यूमरसच्या पुढील बाजूस एक पट्टी जोडून मागे ढकलणाऱ्या व पिळवटणाऱ्या बलांना आधार दिला होता. शॉन ओ’ड्रिस्कॉल व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मृतदेहांच्या कोपरांवर स्नायूंच्या दिशेने ताण देऊन दाखवले, की अशा सांध्याची हालचाल त्या मोकळिकीच्या आतच राहते; बिजागरी तिच्या मर्यादेला टेकत नाही. म्हणजे सांध्याला दिशा देण्याचे काम स्नायूच करतात, खिळा फक्त निखळण्यापासून वाचवतो. संधिदाहाच्या रुग्णांतील दहा ते पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचे जे निष्कर्ष गिल व मोरी यांनी १९९८ मध्ये मांडले, त्यांत ९२ टक्क्यांहून अधिक सांधे टिकून होते. ताठर बिजागरीच्या काळात अशा आकड्याची कल्पनाही करता आली नसती.

तथापि या यशाचा अर्थ लावताना रुग्ण कोण होते हे विसरता कामा नये. संधिदाहाने ग्रासलेल्या व्यक्तीची बोटे, मनगट, खांदा व गुडघेही बहुधा दुबळे झालेले असतात. तिची कोपराकडून अपेक्षा कमी असते आणि तिचा आजारच एका अर्थाने कृत्रिम सांध्याचे रक्षण करतो. अपघातानंतर हाच सांधा बसवलेल्या, तुलनेने तरुण आणि कष्टाची कामे करणाऱ्या व्यक्तींत बुश झिजणे, अल्नामधील दांडा मोडणे अशा यांत्रिक तक्रारी अधिक दिसल्या. म्हणूनच एका वेळी साडेचार-पाच किलोहून अधिक आणि वारंवार एक किलोहून अधिक वजन त्या हाताने उचलू नये, अशी सूचना रुग्णाला आयुष्यभरासाठी दिली जाते.

रेडियसचा मुद्दा येथे पुन्हा येतो. या प्रकारच्या बहुतेक जोडलेल्या सांध्यांत रेडियसच्या डोक्यासाठी कृत्रिम भाग नसतो. ते डोके अनेकदा काढूनच टाकले जाते. वस्तू उचलताना याने फारसे बिघडत नाही. पण तळहात जमिनीवर टेकून भार घेतला, तर जो ५७ टक्के भार रेडियसमधून वर जायचा त्याला आता वाट राहत नाही. तो सगळा अल्नाकडे, तेथून बुश आणि खिळ्याकडे वळतो. डंबेल उचलणाऱ्या सँडोच्या कोपरासाठी आणि नमस्कार घालणाऱ्या भवानरावांच्या कोपरासाठी ही रचना सारखीच अपुरी नाही. दुसऱ्यासाठी ती अधिक अपुरी आहे. रेडियसचा भागही बदलता येईल आणि गरजेनुसार खिळा लावता किंवा काढता येईल, अशा रचना २००० नंतर बाजारात आल्या, त्या या त्रुटीची जाणीव झाल्यामुळेच.

जमिनीवरचे जीवन

भारतीय अनुभव वेगळा का ठरतो, हे कोलकात्याचे अस्थिशल्यविशारद डी. पी. बक्षी यांच्या कामावरून दिसते. १९९८ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी ढिल्या बिजागरीच्या कोपरावर जो लेख प्रसिद्ध केला, त्यातील रुग्ण संधिदाहाचे नव्हते. अपघातानंतर कोपर जखडलेल्या किंवा अस्थिर झालेल्या व्यक्ती त्यांच्यासमोर होत्या. झाडावरून वा बैलगाडीतून पडून निखळलेला कोपर, वेळेवर न बसवलेला सांधा, त्यावर केलेले जोरकस मालिश आणि त्यातून स्नायूंत तयार झालेले हाड, ही मालिका खटाव-आटपाडीच्या गावांतही अनोळखी नाही.

ज्या हातांना हा सांधा मिळायचा ते हात काय करतात हेही पाहावे लागेल. औंध संस्थानाचा मोठा भाग अवर्षणप्रवण. पाणी दुरून आणण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याला आले. पंधरा लिटरच्या घागरीत पाण्याचेच वजन पंधरा किलो, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या तिप्पट. जात्यावर दळणे, पाट्यावर वाटणे, खुरपताना एका हातावर रेलणे, धार काढणे आणि बसल्या जागेवरून तळहात टेकून उठणे यांपैकी प्रत्येक क्रियेत कोपरावर भार येतो. जाते व पाटा आता मागे पडले; जमिनीवरून हाताच्या आधाराने उठणे मागे पडलेले नाही. राजाचा नमस्कार आणि शेतमजूर स्त्रीचे उठणे-बसणे यांत सामाजिक अंतर कितीही असो, तळहात खिळलेला आणि शरीर त्यावर तोललेले, ही कोपराच्या दृष्टीने एकच गोष्ट आहे.

गुडघ्याबाबत हा विचार झाला. मांडी घालून किंवा उकिडवे बसणाऱ्या भारतीयांसाठी पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा तयार केला. अनवाणी चालणाऱ्या आणि शेतात चिखलात उतरणाऱ्यांचा विचार करून प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरचा पाय घडवला. कोपराबाबत तितक्या आग्रहाने हा प्रश्न विचारला गेल्याचे दिसत नाही. त्याचे एक कारण संख्या हे आहे. कोपर बदलण्याच्या शस्त्रक्रिया गुडघ्याच्या तुलनेने फारच थोड्या होतात. दुसरे कारण ‘भार न वाहणारा’ या विशेषणात आहे. ज्या सांध्यावर भारच नसतो असे मानले, त्याला कोणता भार पेलायचा आहे हे विचारण्याची गरज भासत नाही.

त्यामुळे अंगमेहनतीचे काम करणाऱ्या तरुण रुग्णापुढे आजही शल्यविशारदाला जुनेच पर्याय ठेवावे लागतात. एक म्हणजे सांधा सोयीच्या कोनात कायमचा जोडून टाकणे. असा हात बळकट राहतो, पण ताटापासून तोंडापर्यंत आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत अशा दोन्ही टोकांना तो पोहोचत नाही. दुसरा म्हणजे हाडांची टोके काढून मध्ये पोकळी ठेवणे किंवा त्यांच्यामध्ये शरीरातीलच ऊतीचा थर बसवणे. त्या हाताला घास घेता येतो, केस विंचरता येतात, मात्र घागर उचलताना तो बाजूला झुकतो. यांपैकी काय निवडायचे हे कोणत्याही बिजागरीच्या तक्त्यावरून ठरत नाही. त्यासाठी तो हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोठे कोठे टेकतो, हे रुग्णालाच विचारावे लागते.